सोमवारचं पाणी

कोंडखारच्या पंपघरावर सगुणानं बारा-तेरा पावसाळे काढले आणि तेवढ्यात पाणीपुरवठा विभागाचे आठ साहेब पाहिले. त्यातला एकही तिच्या मनात भरला नाही. एक जण पँटला चिखल लागेल म्हणून जीपमधून उतरलाच नाही, काचेतूनच पंपघर बघून गेला. दुसऱ्यानं जॅकवेलच्या पायऱ्या मोजून कागदावर लिहून नेल्या. जॅकवेल म्हणजे नदीकाठची ती खोल विहीर, जिच्यातून पंप पाणी ओढतो. वर्षानं त्याच्या जागी तिसरा आला, त्यानं त्याच पायऱ्या पुन्हा मोजल्या. सगुणा घरी येऊन शेजारच्या सरूला सांगायची, की सरकारला वाटतंय आम्ही पायऱ्या उचलून विकतो.

गाव रोह्याच्या खालच्या अंगाला. अष्टमीकडून कुंडलिकेच्या काठाकाठानं चालत निघालं की तासाभरात येतं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खारी जमीन आणि मिठागरं. एकोणऐंशी साली इथं नळाची योजना आली आणि सगुणाचा नवरा जनू पंपावर लागला. जनू मूळचा मिठागरावरचा गडी. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण पाण्याचं वागणं त्याला माणसाच्या वागण्यापेक्षा लवकर कळायचं.

दोनच वर्षांत त्यानं ताडलं की ही नदी स्वतःच्या मर्जीनं वाहत नाही. वर घाटाच्या पायथ्याशी वीजघर आहे. डोंगरावरच्या धरणांचं पाणी तिथं खाली कोसळतं, त्यावर वीज होते आणि तेच पाणी कुंडलिकेत सुटतं. पावसाळा सोडला तर नदीला दुसरा आधार नाही. जनूचं म्हणणं असं, की मुंबईत तिन्हीसांजेला दिवे लागले की वीजघर जोरात चालतं, आणि ते पाणी बंधाऱ्यावरून उतरत उतरत पहाटे कोंडखारला पोचतं. रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, वीज कमी लागते, म्हणून सोमवारी नदी रोडावते. आणि गावाच्या वरच्या अंगाला जे कारखाने झाले होते, त्यांचा नाला मात्र रविवार-सोमवार ओळखत नव्हता. एरवी त्याचं पाणी भरल्या नदीत विरून जायचं. सोमवारी विरायला नदीच नसायची.

म्हणून जनू सोमवारी पंप लावायचाच नाही. बाकीच्या दिवशीही घड्याळ बघायचा नाही. जॅकवेलसमोर नदीत एक काळा खडक होता, म्हशीच्या पाठीसारखा. ती पाठ बुडाली की पंप सुरू, पाठ उघडी पडली की बंद. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं खारं पाणी वर चढायचं, तेव्हा ओहोटी लागेपर्यंत थांबायचं. हे सगळं त्यानं बायकोला शिकवलं, कारण दम्यानं त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. पंच्याऐंशी साली तो गेला. एकुलती लेक निडीला दिलेली. ग्रामपंचायतीनं विचार केला, तशीही दोन वर्षं हीच बाई पंप चालवतेय, राहू दे. कागदावर तिचं नाव ‘मदतनीस, तात्पुरती’ असं लागलं. कुणाची मदतनीस ते कागदानं सांगितलं नाही.

सगुणा काम चोख करायची आणि तोंड त्याहून चोख चालवायची. गावातल्या माणसांविषयी तिचं मत साहेबांइतकंच वाईट होतं. पाणी आलं नाही की शिव्या, आलं की नळ उघडा टाकून गप्पा. तिला कुणी विचारलं की आज इतका उशीर का, तर ती म्हणायची, मुंबईवाल्यांनी दिवे उशिरा लावले. लोकांना वाटायचं ही टिंगल करते. ती खरं तेच सांगत होती, पण सांगायची अशी की ऐकणाऱ्याला आपण मूर्ख आहोत असंच वाटावं.

एकोणनव्वदच्या जुलैत पूर आला. सकाळपासून पाऊस ओतत होता, पण सगुणाचं लक्ष पावसाकडे नव्हतं. नदीत झाडांचे मोठाले ओंडके, तेही सालीसकट, वाहून यायला लागले. असे ओंडके डोंगरातून येतात हे तिला जनूनं सांगितलेलं. ती सरूच्या नवऱ्याला, कान्हूला, ओढतच घेऊन आली. दोघांनी पान्ह्यानं नटबोल्ट सोडवले, मोटार दोराला बांधली आणि उंचावरच्या देवळाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. दुपारी पंपघर पत्र्यापर्यंत पाण्यात गेलं. इशाऱ्याचा कागद तालुक्याहून आला तो तिसऱ्या दिवशी, भिजलेला. काठावरच्या आणखी चार गावांच्या मोटारी चिखलात गेल्या होत्या. पाणी आभाळातून जास्त पडलं की धरणातून जास्त सुटलं, यावर साहेबलोकांत वर्षभर कागद फिरत राहिले. कोंडखारविषयीच्या कागदात लिहिलं गेलं की विभागाच्या दक्षतेमुळे मोटार वाचली. सरपंच कमळाकरनं ते वाचून दाखवलं तेव्हा सगुणानं विचारलं, हा विभाग कुठं राहतो, त्याला एकदा जेवायला बोलवू.

कमळाकरला ते लागलं. तो वाईट माणूस नव्हता, पण सरपंच झाल्यापासून त्याला पांढऱ्या कपड्यांची आणि टाळ्यांची सवय झाली होती. पुढल्या निवडणुकीला काय दाखवायचं या विवंचनेत असताना त्याला वाटलं, वेळेवर पाणी. बायका कुठल्याही वेळेला हंडे घेऊन धावतात, सोमवारी तर नळ कोरडाच. इतर गावांत पाणी सकाळी येतं, आपल्याकडे मुंबईच्या दिव्यांवर येतं, हे काय चाललंय. त्यानं तालुक्याच्या डेप्युटी साहेबाला बोलावलं.

हा आठांतला सहावा. त्यानं नकाशा पसरला, टाकीचा आकार बघितला, माणशी किती लिटर ते गणित मांडलं आणि ठरवलं: रोज सकाळी सहा ते नऊ. सोमवारसुद्धा. सगुणानं सांगितलं, सोमवारचं पाणी पिण्याजोगं नसतं. साहेबानं शांतपणे विचारलं, तपासलंय का? आणि तिच्यादेखत बाटली भरून घेतली. तो दिवस गुरुवार होता, दुपार होती आणि म्हशीची पाठ हातभर पाण्याखाली होती.

“सोमवारी या साहेब, सकाळच्याला,” ती म्हणाली.

“सोमवारी आमची आढावा बैठक असते, बाई.”

बाटली तपासायला गेली आणि पंधरा दिवसांनी चिठ्ठी आली, ‘पिण्यास योग्य’. ती चिठ्ठी कमळाकरनं ग्रामसभेत वाचली. खाली साहेबाची सूचनाही होती, की शंका असल्यास टाकीत जंतुनाशक टीसीएल पावडर वाढवावी. मग हात वर करायला सांगितलं. वेळापत्रकाच्या बाजूनं सगळं गाव. विरुद्ध एकटी सरू उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. पदर सावरत तिनं एवढंच म्हटलं, की सगुणाकाकी पाण्यात पाय टाकून बघते, कागद बघत नाही, तिचं ऐकावं. मागून कुणीतरी हसलं आणि ती बसली.

सगुणा जाग्यावरून म्हणाली, की मी सहाला पंप लावणार नाय. कमळाकर म्हणाला, मग लावणारा बघावा लागंल. बघायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. पुतण्या पोपट दहावी नापास होऊन घरीच होता. सगुणानं पंपघराची किल्ली पंचायतीच्या टेबलावर ठेवली. पोपट हात पुढे करून उभा होता, त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही.

आठवड्यात नळकोंडाळ्यापाशी फळा उभा राहिला. निळा रंग, पांढरी अक्षरं: ‘पाणीपुरवठ्याची वेळ सकाळी ६ ते ९’. खाली सरपंचांचं नाव, अक्षरं वेळेपेक्षा मोठी.

गाव खूश झालं. बायकांना उठल्याबरोबर पाणी मिळू लागलं. सोमवारी पाण्याला जरा वास यायचा, चहाला एक कडसर चव यायची, पण पावडर जास्त पडली असेल अशी समजूत निघायची. पोरांची पोटं बिघडायची, ती तर कुठल्याही गावात बिघडतात. सगुणा स्वतः डोंगराकडच्या जुन्या विहिरीवरून हंडा आणायला लागली. जाऊन-येऊन पाऊण तास. नळाच्या रांगेसमोरून ती मुद्दाम जायची, डोक्यावर हंडा, मान ताठ. कुणी कारण विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आतून तिला एक प्रकारचं समाधान वाटत होतं. प्या, म्हणायची मनात. हात वर केले होते ना, आता प्या.

एक दिवस सरूनं विचारलं. वर्षभरानं, शिमग्याच्या सुमाराला. त्या साली रविवार आणि धुळवड जोडून आली होती. मुंबईची माणसं गावात उतरलेली, घराघरात पुरणपोळीचा घाट. सोमवारी भल्या सकाळी सगुणा रिकामा हंडा घेऊन निघाली तशी सरू कळशी घेऊन दारात आली. घरात पाहुणे होते.

“आज पानी कसं हाय गो काकी?”

सगुणाला उत्तर ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी ती काठावर गेली होती. म्हशीची पाठच काय, पोटही उघडं पडलं होतं. नाल्याच्या तोंडाशी पिवळट फेस होता. सुट्टीत कारखान्यांत टाक्या धुतात हे सगळ्या काठाला माहीत होतं. आणि ज्या पायऱ्यांशी एरवी बोटाएवढे मासे वळवळत असत, तिथं एक मासा नव्हता. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण समोरच तो निळा फळा होता, सकाळच्या उन्हात नवाकोरा.

“फळ्यावर लिवलंय ना,” ती म्हणाली आणि चालायला लागली.

सरूनं एकदा फळ्याकडे बघितलं. मग कळशी घेऊन रांगेत गेली.

दुपारपासून उलट्या सुरू झाल्या. आधी वरच्या आळीत, मग सगळीकडे. लोकांना वाटलं सणाचं खाणं बाधलं. दिवेलागणीपर्यंत बैलगाड्या आणि एक टेम्पो करून अकरा माणसं रोह्याला दवाखान्यात नेली. त्यात सरू होती. पाहुण्यांना आधी वाढून मागनं जेवणारी ती, पण स्वयंपाकघरात सकाळपासून पाणी तीच पीत होती.

सोमवारी धुळवडीचीही सुट्टी पडल्यानं मंगळवारीही नदी चढली नव्हती, वीजघराचं पाणी यायला अजून अवकाश होता. सहाला पाच मिनिटं असताना सगुणा पंपघरात शिरली. पोपट स्टार्टरपाशी उभा होता. त्याच्याही घरातली दोघं दवाखान्यात होती, पण फळ्यावर सहा लिहिलं होतं म्हणून तो आला होता. सगुणानं त्याला कोपरानं बाजूला सारलं, फ्यूजचे तिन्ही कटआउट उपसले, पदरात बांधले आणि उंबऱ्यावर बसली. पोपटानं धावत जाऊन चुलत्याला आणलं. कमळाकर म्हणाला, सरकारी वस्तू आहे, पोलीस बोलवीन. ती म्हणाली, बोलाव, त्यांना इथलंच पाणी पाज.

 कमळाकर पायऱ्या उतरून नदीपाशी गेला. सरपंच झाल्यापासून पहिल्यांदाच गेला असावा. वाकून त्यानं ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि झटकन हात झाडले. वर येऊन सरळ घरी गेला.

तेवढ्यावर सगुणानं उठून दिमाखानं गावातून फिरायला हरकत नव्हती. तिचं खरं झालं होतं. ती दुपारच्या गाडीनं रोह्याला गेली ती मात्र वेगळ्याच ओझ्यानं. दवाखान्यात खाटा कमी पडल्या होत्या. सरू व्हरांड्यात चटईवर होती, हाताला सलाईन, ओठ पांढरे. कान्हू भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता. सगुणा शेजारी बसली. सरूनं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं.

“तुला ठाऊक व्हतं?”

सगुणाला खोटं बोलता आलं असतं. साहेब लोक किती सहज बोलतात हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

“व्हय,” ती म्हणाली.

सरूनं तोंड भिंतीकडे केलं. सगुणा संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहिली, पण ते तोंड परत फिरलं नाही.

चौकशी झाली. डेप्युटी साहेब बुधवारी आला, तोवर नदी दुथडी भरली होती. त्यानं बाटली भरून घेतली. चिठ्ठी आली, ‘पिण्यास योग्य’. कारखान्यांच्या नाल्याची तपासणी करायला आणखी कुणी आले, त्यांना नाला स्वच्छ आढळला, कारण ते येणार हे नाल्याला चार दिवस आधी कळलं होतं. शेवटी ठपका पुरणपोळीवर आला. पुरण शिळं असावं, असं अहवालात होतं. ज्या बायकांनी पहाटे उठून डाळ शिजवली होती, त्यांनी ते ऐकून कपाळाला हात लावला.

सुदैवानं अकराच्या अकरा माणसं घरी आली. सरू सर्वांत शेवटी, आठव्या दिवशी.

मग कमळाकर स्वतः सगुणाच्या दारात आला, किल्ली घेऊन. ती म्हणाली, आधी फळा काढ. त्यानं काढला. पोपट सुटका झाल्यासारखा निघून गेला. पुढे डोलवीच्या बाजूला कंत्राटी कामाला लागला आणि तिथं म्हणे शिफ्टवर एक मिनिट उशीर करत नाही.

सगुणा पुन्हा पंपावर आली. गावाविषयी तिचं मत सुधारलं नाही. उलट पुरणपोळीचा अहवाल मुकाट्यानं ऐकून घेतल्यापासून ते आणखी खालावलं होतं. पण एक गोष्ट ती पूर्वी करत नसे, ती करू लागली. व्हॉल्व उघडण्याआधी ती दोन्ही आळ्यांतून एक फेरी मारायची आणि दारादारात सांगायची, आज पिवा, आज नुसतं भांड्यांना, आज हातही लावू नका. सांगताना शिव्याही घालायची. पण सांगायची. दमा आता तिलाही लागला होता, वरच्या आळीच्या चढावर दोनदा थांबावं लागायचं. कुणी म्हणालं पोरगा पाठव, तर म्हणायची, पोरगा इसरंल, मी इसरत नाय.

सरूच्या दारात ती सगळ्यात आधी जायची. सरू आत चुलीपाशी असायची. भांड्यांचा आवाज थांबायचा, म्हणजे ऐकलं. उत्तर यायचं नाही. सगुणा उंबऱ्याबाहेरूनच पुढे जायची. अशी पाच वर्षं गेली. एकाच कुडाला लागून दोन घरं, पण विस्तव मागायलाही कुणी कुणाकडे गेलं नाही. कान्हूनं एकदोनदा बायकोला समजावलं. ती म्हणाली, साहेबांनी मारलं असतं तर राग आला नसता.

अठ्ठ्याण्णव साली नवी योजना झाली. वरच्या कालव्यातून, कारखान्यांच्याही वरून, मोठ्या नळानं सात गावांना पाणी आलं. उद्घाटनाला मांडव, हार, आठवा साहेब. त्यानं भाषणात सांगितलं की विभाग ही अडचण कित्येक वर्षं जवळून पाहत होता. कमळाकर आता माजी सरपंच होता, तरी खुर्ची पुढच्या रांगेत. सगुणाला बोलावणं होतं की नव्हतं हे कुणालाच नक्की सांगता येईना. ती गेली नाही. जुनं पंपघर बंद झालं, मोटार काढून नेली.

महिन्याभरानं तिला रोह्याला कार्यालयात बोलावलं. जुन्या योजनेची नोंदवही बंद करायची होती. कारकून पोरसवदा होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, पंप कधी चालू, कधी बंद, याची लेखी नोंद आहे का? ती म्हणाली, नाय, नोंद नदीत होती. त्यानं पेन उचललं आणि साल दर साल एकच शब्द खाली खाली लिहीत गेला. तिनं विचारलं काय लिहितोस. तो म्हणाला, निरंक.

“म्हंजे?”

“म्हणजे कळवण्यासारखं काही घडलं नाही, आजी.”

तो सालं मोठ्यानं म्हणत पुढे लिहीत होता. एकोणनव्वद निरंक, त्र्याण्णव निरंक. तिला रागवायचं होतं, पण पोरगा इतक्या नीट अक्षरात लिहीत होता की रागही फुकट गेला असता. सही कुठं करायची तेवढं तिनं विचारलं. लेकीनं शिकवलेली मोठी वेडीवाकडी सही करून ती उठली.

परतीची एस.टी. भरलेली होती. मधल्या बाकावर सरू बसलेली, बाजाराची पिशवी मांडीवर. शेजारची जागा तेवढी रिकामी होती. सगुणा दांडीला धरून उभीच राहिली. गाडीनं पूल ओलांडला, एक वळण घेतलं, सगुणाला ठसका लागला आणि ती वाकली. सरूनं पिशवी खाली पायाशी ठेवली आणि खिडकीकडे सरकली.

सगुणा बसली. दोघी समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघत होत्या.

“वाल पेरलास काय यंदा?” सरूनं विचारलं.

“पेरलाय. पन डुकरं ठेवतील तवा.”

“आमच्याकडच्या काटेरी फांद्या ने कुंपणाला,” सरू म्हणाली. “ह्यांनी तोडून ठेवल्येत.”

कंडक्टर आला. सरूनं दोघींची तिकिटं मागितली.